गढूळ पाण्याखालचं कुरण

पूर ओसरला की नदीकाठी सुटकेचा निःश्वास टाकला जातो. घरांतला चिखल उपसला जातो, पुलावरून वाहनं पुन्हा धावू लागतात, आणि चार-सहा दिवसांत नदी आपल्या पात्रात परतते. मुखापलीकडच्या उथळ समुद्रात मात्र त्या पुराचा हिशेब तेव्हा कुठे सुरू होत असतो. तिथे पाणी चढत नाही, काही वाहून जाताना दिसत नाही, कसला आवाजही होत नाही. फक्त अंधार होतो. भर दुपारी, दोन-तीन मीटर पाण्याखाली, रात्रीसारखा. तो अंधार किती दिवस टिकतो यावर तिथल्या गवताचं जगणं-मरणं ठरतं.

गवत हा शब्द इथे उपमा म्हणून वापरलेला नाही. समुद्री गवताला पुष्कळ जण शेवाळ समजतात आणि ते मला फार खटकतं, कारण पुढची सगळी गोष्ट या फरकावरच उभी आहे. शेवाळाला खरी मुळं नसतात. लागेल ते सगळं ते अंगभर पाण्यातून शोषून घेतं. समुद्री गवत ही सपुष्प वनस्पती आहे. तिला मुळं असतात, पानं असतात, फुलं येतात, बी धरतं. तिचे पूर्वज जमिनीवर वाढायचे आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात उतरले. आज तिच्या साठ-सत्तर जाती आहेत आणि अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडाच्या किनाऱ्याला त्यांतली कुठली ना कुठली सापडते. हॅलोफिलाची काही पानं नखाएवढी, तर एन्हॅलसची मीटरभराहूनही लांब. सगळ्यांत समान गोष्ट एकच: आलं-हळदीसारखं जमिनीखाली आडवं पसरणारं खोड. त्या खोडात पिष्ट आणि साखर साठवलेली असते. हीच या झाडाची शिदोरी.

पण मुळं आणि खोड बाळगायची म्हणजे त्यांना पोसायलाही हवं. ती चिखलात असतात, अन्न तयार करत नाहीत, श्वास मात्र घेतात. म्हणून समुद्री गवताची उजेडाची गरज मोठी आहे. पाण्यात तरंगणारी सूक्ष्म वनस्पती पृष्ठभागावरच्या उजेडाच्या एक टक्क्यावरही तग धरते. समुद्री गवताला सरासरीने ११ टक्क्यांच्या आसपास लागतो आणि काही जातींना वीस टक्क्यांहून जास्त. पाण्यातल्या वनस्पतींमध्ये ही भूक मोठीच म्हणायची, आणि नदीचा गाळ नेमका तिच्यावरच घाव घालतो.

पाणी उजेड कापतं ते चक्रवाढीच्या हिशेबाने: प्रत्येक मीटरला, तोपर्यंत जेवढा उरलाय त्यातला ठरावीक हिस्सा. स्वच्छ किनाऱ्यावर दर मीटरला १८ टक्के उजेड जातो असं धरा. अशा पाण्यात ११ टक्के उजेड साधारण ११ मीटर खोलीवर उरतो, म्हणजे गवत तिथवर उतरू शकतं. दर मीटरला ३९ टक्के जाऊ लागला की ही सीमा साडेचार मीटरच्या आत येते. ६३ टक्के गेला तर २.२ मीटर. पुराच्या पाण्यात एका मीटरमध्ये ९५ टक्के उजेड नाहीसा होणं काही विशेष नाही, आणि तेव्हा सीमा पाऊण मीटरवर येऊन ठेपते.

नकाशावर हे आकडे फार मोठे होतात. सपाट किनाऱ्यावर तळाचा उतार ५०० ला १ असेल, तर खोलीची सीमा ४.४ वरून २.२ मीटरवर येण्याचा अर्थ ११०० मीटर रुंदीचा पट्टा कुरणाबाहेर जाणं. पाणी फक्त ‘थोडं गढूळ’ झालेलं असतं. गेलेलं असतं किलोमीटरभर कुरण. आणि ते आतून, खोल बाजूने जातं. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला ओहोटीत उघडं पडणारं गवत पूर्वीसारखंच दिसत राहतं, त्यामुळे काही बिघडलंय असं कुणाला वाटतच नाही. याच कारणाने, हाती एकच पाहणी करण्याइतकी साधनं असतील तर ती कुरणाच्या खोल काठावर करावी असं माझं ठाम मत आहे.

उजेडाचा रंगही बदलतो. तांबडा प्रकाश पाणीच शोषून घेतं; निळा प्रकाश गाळ आणि कुजक्या पाल्यातून उतरलेला चहाच्या रंगाचा अर्क खाऊन टाकतो. उरतो तो हिरवट-पिवळा, जो पानांना सगळ्यांत कमी उपयोगाचा. म्हणून साध्या लक्स मीटरवर ‘बरा उजेड आहे’ असं दिसलं तरी झाडाला उपाशीच राहावं लागत असतं. माणसाचा डोळा हिरव्याला सर्वांत संवेदनशील आहे आणि लक्स हे त्या डोळ्याचं माप आहे. झाडासाठी प्रकाशसंश्लेषणाच्या पट्ट्यातले, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले, फोटॉन म्हणजे प्रकाशाचे कण मोजणारा संवेदक लागतो.

आता गाळ. नदीचा गाळ म्हणजे एकच वस्तू आहे असं धरून चालल्यामुळे बरेच उपाय वाया जातात. स्थिर पाण्यात एक मीटर खाली बसायला दहावा हिस्सा मिलिमीटरच्या वाळूच्या कणाला दोन मिनिटं लागतात. १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा) पोयट्याच्या कणाला तीन तास. २ मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला तीन दिवसांहून जास्त, आणि १ मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ तेरा दिवस. व्यास निम्मा झाला की बसण्याचा वेग चौथा हिस्सा होतो, त्यामुळे आकड्यांत ही प्रचंड दरी पडते. आणि हा झाला स्थिर पाण्याचा हिशेब. समुद्र स्थिर कधीच नसतो. शिवाय तेवढ्याच वजनाच्या मातीत कण जितके बारीक तितकं त्यांचं एकूण पृष्ठफळ जास्त, म्हणून उजेड अडवण्यातही तेच पुढे. नदीने किती लाख टन गाळ आणला हा आकडा बातमीत येतो, पण गवताच्या दृष्टीने त्यातला किती चिकणमातीचा होता हा आकडा महत्त्वाचा.

खाऱ्या पाण्याची एक मदत असते. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलत तरंगतात. मुखाशी खारटपणा थोडासा वाढला की मिठातले धन आयन हा दुरावा मोडतात, कण एकमेकांना चिकटून पुंजके होतात आणि पुंजके लवकर बसतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर जे होतं त्याच जातीची ही क्रिया आहे. म्हणून बराचसा गाळ मुखाजवळच पडतो. पण या पुंजक्यांचा थर घट्ट नसतो; तळावर खिरीसारखा पडून राहतो आणि जरा जोराचा वारा सुटला की पुन्हा वर येतो. त्यातलं सगळ्यांत बारीक, सूक्ष्मजीवांच्या चिकट स्रावात गुंतलेलं द्रव्य दूरवर जातं. ऑस्ट्रेलियातल्या बर्डेकिन नदीच्या अभ्यासांतून हेच दिसलं: जाड माल मुखापाशी बसतो आणि प्रवाळांच्या नि गवताच्या पट्ट्यांपर्यंत पोचतो तो मुख्यतः २० मायक्रॉनहून बारीक गाळ.

गोडं पाणी हलकं असल्यामुळे ते खाऱ्या पाण्यावर तरंगत पसरतं. पुराच्या वेळी मुखातून बाहेर पडणारी गढूळ जीभ पुष्कळदा एक-दोन मीटरच जाडीची असते आणि तिच्याखालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असू शकतं. गवताला त्याचा उपयोग शून्य. छताला काळा रंग फासला की खोली कितीही स्वच्छ असली तरी अंधारीच राहणार. इथे मोजणाऱ्याचीही चूक होते: तळाजवळचा नमुना घेऊन ‘गाळ कमी आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. नमुना वर, मध्ये आणि खाली असा तीन ठिकाणी घ्यावा लागतो.

तपकिरी पाण्यामागून हिरवं पाणी येतं, आणि मला ते जास्त धोक्याचं वाटतं. मातीच्या कणांना चिकटून फॉस्फरस आलेला असतो, पाण्यात विरघळून नायट्रोजन. गाळ बसून थोडा उजेड मिळाला रे मिळाला की तरंगत्या सूक्ष्म वनस्पती या खतावर फोफावतात आणि दुसरा पडदा ओढतात. जोडीला पानांवर केसाळ शेवाळाचा थर चढतो. तो पानालाच चिकटलेला असल्याने पाणी निवळल्यावरही सावली तशीच राहते, आणि त्या थरात बारीक माती अडकली की पान वजनाने खाली झुकतं. तपकिरी टप्पा दिवसांचा, हिरवा आठवड्यांचा. शेतात वापरलेली काही तणनाशकंही याच पाण्यातून येतात. डाययुरॉनसारखी औषधं प्रकाशसंश्लेषणाचीच साखळी तोडतात आणि गवताला ती तण म्हणूनच ओळखतात. आधीच उजेड कमी, त्यात मिळालेला वापरता येऊ नये अशी अवस्था. नुसत्या गोड्या पाण्याचा धक्का त्या मानाने बऱ्याच जाती काही दिवस सोसतात. अगदी मुखाजवळची कुरणं सोडली तर मारेकरी बहुतेक वेळा अंधारच असतो.

झाडाच्या आत काय होतं? पहिले काही दिवस बाहेरून काहीच दिसत नाही. झाड वाढ थांबवतं आणि खोडातल्या शिदोरीवर जगतं. मग जुनी पानं गळतात, नवी अरुंद आणि आखूड येतात, एका चौरस मीटरमधले कोंब विरळ होत जातात. शिदोरी किती दिवस पुरणार हे जातीवर अवलंबून असतं. ऑस्ट्रेलियात केलेल्या प्रयोगांत पूर्ण अंधारात हॅलोफिला ओव्हॅलिस सुमारे ३८ दिवसांत संपली. हॅलोड्युल पिनिफोलियाने ८० ते १०० दिवस काढले. मोठ्या खोडाच्या पोसिडोनिया जाती अनेक महिने तग धरतात. याची दुसरी बाजूही आहे. हॅलोफिलाचं खोड वर्षाला काही मीटर पळतं आणि तिचं बी मातीत वाट पाहत पडून असतं, त्यामुळे ती मरते लवकर आणि परततेही लवकर. भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनिया ओशिॲनिकाचं खोड वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर सरकतं. तिचं कुरण एकदा गेलं की माणसाच्या आयुष्यात ते परत दिसत नाही.

पाणी गरम असेल तर ही शिदोरी आणखी झपाट्याने संपते, कारण उष्णतेने श्वसन वाढतं आणि अंधारात उत्पन्न शून्य. एकाच जोराचा पूर थंड ऋतूत झेपतो आणि गरम ऋतूत झेपत नाही, तो यामुळे.

शेवटचा घाव मात्र बहुतेक वेळा उपासमारीचा नसून विषाचा असतो. समुद्रतळाच्या चिखलात प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू सल्फेटवर जगतात आणि सल्फाइड तयार करतात, जे मुळांना विषारी. निरोगी झाड पानात तयार झालेला प्राणवायू पोकळ नळ्यांतून मुळांपर्यंत पोचवतं आणि मुळांभोवती एक पातळ सुरक्षित थर राखतं. रात्री हा प्राणवायू आजूबाजूच्या पाण्यातून घेतला जातो. पुराने दिवसाचा पुरवठा तोडला, आणि सोबत आणलेला पालापाचोळा कुजवताना जिवाणूंनी पाण्यातला प्राणवायूही संपवला, की हा थर कोसळतो. सल्फाइड मुळांतून वर चढतं आणि पानाच्या बुडाशी असलेल्या वाढीच्या टोकापर्यंत पोचतं. ते टोक मेलं की वरची पानं हिरवी असली तरी कोंब संपलेला असतो. हलक्या हाताने ओढलं तरी तो सुटून हातात येतो, बुडाशी काळपट, सडक्या अंड्याच्या वासाचा.

हे सगळं मोठ्या प्रमाणावर एकाच वेळी घडलं ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या हार्वे बे या उपसागरात, १९९२ साली. मेरी नदीला पाठोपाठ दोन पूर आले आणि त्याच काही आठवड्यांत चक्रीवादळही. उथळ भागातलं गवत लाटांनी उपटलं. खोल भागातलं जागच्या जागी अंधाराने मेलं. एकूण सुमारे १००० चौरस किलोमीटर कुरण गेलं. दिवसाला ३० ते ४० किलो गवत खाणाऱ्या समुद्री गाई, म्हणजे ड्युगाँग, तिथे उपाशी राहिल्या. ९९ मृतदेह सापडले, आणि त्यांतले बहुतेक पुरानंतर सहा ते आठ महिन्यांनी. तोवर पुराची बातमी जुनी झालेली होती. कारण आणि परिणाम यांच्यातलं हे अंतर लक्षात ठेवण्यासारखं आहे. फेब्रुवारीतल्या पावसाचा आणि ऑगस्टमध्ये किनाऱ्याला लागलेल्या हाडकुळ्या देहाचा संबंध कुणी मुद्दाम जोडल्याशिवाय जुळत नाही. खोल भागातल्या छोट्या जाती दोन वर्षांत उगवू लागल्या, ओहोटीच्या पट्ट्यातल्या कुरणांना मात्र जास्त काळ लागला.

गाळाखाली गाडलं जाणं हा वेगळा मृत्यू, आणि तो मुखाच्या अगदी जवळ घडतो. तिथे प्रश्न कोंबाच्या उंचीचा असतो. छोट्या हॅलोफिलाला दोन सेंटिमीटरचा थर पुरेसा घातक ठरतो, तर उभं खोड वाढवू शकणाऱ्या मोठ्या जाती दहा सेंटिमीटरहून जास्त थरातूनही वर येतात. थर एका रात्रीत पडला की वर्षभरात, यावर सगळं अवलंबून. हळू साचणारा गाळ गवताला हवाच असतो: त्यात मुळं रुजतात, त्यातून खत मिळतं. धरणांनी वाळू अडवून किनारा झिजू लागला तर उघडी पडलेली खोडंही मरतातच. त्यामुळे ‘गाळ वाईट’ एवढं म्हणून भागत नाही.

गवत स्वतः पाणी निवळवतं, हा या विषयातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग. दाट पानांमधून जाताना प्रवाह मंदावतो, कण खाली पडतात, आणि खोडा-मुळांची जाळी त्यांना परत उठू देत नाही. म्हणजे कुरण आहे म्हणून पाणी स्वच्छ, आणि पाणी स्वच्छ म्हणून कुरण. हे चक्र तुटलं की उलटं फिरतं. तळ उघडा, वाऱ्याची लाट आली की गाळ वर, उजेड बंद, नवं रोप मेलं, तळ आणखी उघडा. मग नदी वर्षभर शांत राहिली तरी जुनाच गाळ पुन्हा पुन्हा उठत राहतो. नेदरलंड्समधल्या वाडन समुद्राच्या पश्चिम भागात १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रोगाने झोस्टेरा या समुद्री गवताची कुरणं खचली. त्याच सुमारास, १९३२ मध्ये, आफ्स्लाउटडाइक हा मोठा बांध पूर्ण होऊन प्रवाह बदलले. पाण्याखालची ती कुरणं आजतागायत परतलेली नाहीत. जेवढ्या उजेडात जुनं कुरण टिकून होतं तेवढ्याच उजेडात नवं उभं राहत नाही.

याचं दुसरं टोक अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या माथ्याशी, सस्क्वेहाना नदीच्या मुखावर दिसतं. जून १९७२ मध्ये ॲग्नेस वादळाच्या पुराने तिथे काही दिवसांत एरवी अनेक वर्षांत येईल एवढा गाळ ओतला आणि मुखावरचं विस्तीर्ण कुरण नाहीसं झालं. तीसेक वर्षांनी ते परत दाट झालं. २०११ मध्ये ली वादळाचा मोठा पूर आला तेव्हा काठाचं गवत गेलं, पण मधला दाट गाभा टिकला. पुराचं पाणी त्या गाभ्याभोवतून वळलं, आणि आतलं पाणी बाहेरच्याहून स्वच्छ राहिलं. पहिला पूर विरळ होत चाललेल्या, खतांनी थकलेल्या गवतावर आला होता. दुसरा धडधाकट कुरणावर. म्हणून कुरणाचं क्षेत्रफळ मोजताना घनता आणि सलगपणाही मोजावा. शंभर हेक्टरचे विरळ तुकडे म्हणजे शंभर हेक्टरचं कुरण नव्हे.

मोजमापाचं थोडं विस्ताराने सांगतो, कारण इथे छोट्या चुका मोठी फसवणूक करतात.

सगळ्यात जुनं साधन सेकी तबकडी. अँजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये ती भूमध्य समुद्रात वापरली. समुद्रासाठी ३० सेंटिमीटरची पांढरी तबकडी, मापाच्या दोरीला बांधून, बोटीच्या सावलीच्या बाजूने सोडायची. दिसेनाशी होते ती आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती, अशा दोन्ही खोल्यांची सरासरी घ्यायची. १.७ ला त्या मीटरमधल्या आकड्याने भागलं की पाणी दर मीटरला उजेड किती वेगाने कापतं त्याचा गुणांक मिळतो. फार गढूळ पाण्यात १.७ च्या जागी १.४ घेतला तर जास्त बरं उत्तर येतं. तबकडी तळाला टेकेपर्यंत दिसतच राहिली तर तो आकडा वापरू नये. हे सांगायची गरज वाटू नये, पण उथळ पाण्यातल्या नोंदींत हीच चूक भरलेली असते.

तबकडी एका क्षणाचा उजेड सांगते. गवताला आठवड्यांचा हिशेब लागतो. त्यासाठी गवताच्या पानांच्या उंचीवर फोटॉन मोजणारा नोंदयंत्रासह संवेदक बसवतात, दर पंधरा मिनिटांनी एक नोंद. दोन संवेदक वेगवेगळ्या उंचीवर लावले तर उजेड कापला जाण्याचा दर थेट मिळतो. संवेदकावर शेवाळ चढतं, आणि गरम पाण्यात दोन आठवड्यांत ते एवढं चढतं की यंत्र पाण्याचा नाही, शेवाळाचा अंधार मोजू लागतं. पुसणारा छोटा ब्रश बसवलेला असेल तर उत्तम, नाही तर ठरलेल्या दिवशी पाणबुड्याने स्वच्छ करायचं, आणि स्वच्छ करण्याआधीची व नंतरची नोंद वेगळी लिहून ठेवायची, म्हणजे फरक वजा करता येतो. क्वीन्सलंडमधल्याच ग्लॅडस्टोन बंदरात गाळउपशाच्या वेळी झोस्टेरा म्युलेरीसाठी जी मर्यादा ठरवली गेली ती याच पद्धतीची: दर चौरस मीटरला दिवसाला ६ मोल फोटॉन (मोल हे कणांची संख्या मोजायचं एकक), १४ दिवसांच्या सरकत्या सरासरीने. आकड्याइतकेच त्यातले १४ दिवस महत्त्वाचे. एखाद्या दिवसाचा अंधार झाड पचवतं. गढूळपणाची क्षणिक कमाल मर्यादा घालून दिली की यंत्रणा त्या शिखरांच्या मागे लागते, आणि मर्यादेच्या जरा खाली महिनाभर रेंगाळलेलं पाणी कुरण मारून टाकतं.

पाण्यातला गाळ वजनाने मोजायचा तर ठरावीक पाणी काचतंतूच्या गाळणकागदातून गाळायचं, १०५ अंशांपर्यंतच्या तापमानाला वाळवायचं आणि आधीच्या वजनातला फरक घ्यायचा. समुद्राच्या पाण्यात मीठ असतं. गाळणकागद ऊर्ध्वपातित पाण्याने नीट धुतला नाही तर कागदात राहिलेलं मीठही गाळ म्हणून मोजलं जातं आणि स्वच्छ पाणीसुद्धा गढूळ ठरतं. उजेड विखुरण्यावर चालणारी गढूळपणा मापकं सोयीची, पण त्यांचा आकडा म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम नव्हे. तेवढ्याच वजनाची चिकणमाती रेतीपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश विखुरते. त्या त्या जागेच्या गाळाशी जुळवून घेतल्याशिवाय तो आकडा वापरू नये.

गवताच्या पाहणीची एक रुळलेली रीत अशी: ५० मीटरच्या तीन दोऱ्या, एकमेकींपासून २५ मीटरवर, समांतर, प्रत्येक दोरीवर दर ५ मीटरला ५० गुणिले ५० सेंटिमीटरची चौकट, म्हणजे एकूण ३३ चौकटी. प्रत्येकीत गवताने झाकलेल्या तळाची टक्केवारी, जाती, पानांची उंची, पानांवरचं शेवाळ आणि बोटाने चाचपून ठरवलेला गाळाचा पोत. दरवर्षी ठरलेल्या ऋतूंत, त्याच जागी. जागा बदलली की तुलना संपली.

आता जमिनीवर काय करायचं. इथे कणांच्या आकाराकडे परत यावं लागतं. बांधकामाच्या जागी, रस्त्याच्या कडेला, नाल्यावर गाळ अडवायला खड्डे आणि छोटे तलाव केले जातात. दोन मीटर खोल तलावात २ मायक्रॉनचा कण बसायला सहा दिवसांहून जास्त लागतात. पावसाच्या जोरात पाणी त्या तलावात काही तासच थांबतं. म्हणजे वाळू अडते, तलाव भरतो, काम झाल्याचं समाधान मिळतं, आणि ज्या चिकणमातीने गवत मरतं ती बिनधोक पुढे जाते. मोठ्या धरणांचंही थोड्याफार फरकाने तेच. बारीक माती एकदा पाण्यात मिसळली की ती परत पकडणं जवळजवळ अशक्य. ती जागची सुटूच नये, हाच उपाय.

ती सुटते कुठून, हे आधी शोधावं लागतं आणि पुष्कळदा उत्तर अनपेक्षित असतं. सगळा दोष उघड्या शेताच्या वरच्या थराला दिला जातो, पण अनेक पाणलोटांत मोठा वाटा घळींचा आणि ढासळत्या नदीकाठांचा निघतो. खालच्या थरातली माती चिकण, सैल आणि पाण्यात लगेच विरघळल्यासारखी पसरणारी. घळ बांधताना आधी तिच्या माथ्यावर येणारं पाणी वळवायचं, मग उभे काठ उतरते करायचे, तळात दगडांचे बुटके बांध एकापाठोपाठ घालायचे, असे की खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत येईल, आणि सगळ्यावर गवत धरेपर्यंत जनावरं बाहेर ठेवायची. माथ्याचं पाणी न वळवता नुसते बांध घातले तर पाणी बांधाला बगल देऊन नवीन घळ पाडतं. काठावर झाडा-गवताचा पट्टा राखणं चांगलंच, पण तो पसरून येणारं पाणी गाळतो. ओघळी करून आलेलं पाणी त्याच्यातून बोगद्यासारखं निघून जातं. म्हणून शेतातच समतल बांधाने पाणी पसरवलं तर काठाचा पट्टा कामाचा. कच्च्या रस्त्यांकडे तर कुणी बघतच नाही. उतारावरच्या रस्त्याची चर थेट ओढ्यात सोडलेली असते. ती ठिकठिकाणी तोडून पाणी झाडोऱ्यात सोडलं तर थोड्या खर्चात मोठा फरक पडतो.

फळ दिसायला वेळ लागतो, पण ते दिसलेलं आहे. चेसापीकमध्ये १९८४ पासून पाण्यातला नायट्रोजन २३ टक्क्यांनी कमी करता आला आणि पाण्याखालच्या वनस्पतींनी १७,००० हेक्टर परत मिळवले. तिथे सांडपाण्याची केंद्रं सुधारली, शेतातलं खत आवरलं. तिथूनच जवळ व्हर्जिनियाच्या अटलांटिक बाजूच्या खाजणांत वीस वर्षांत झोस्टेराचं सात कोटींहून जास्त बी पेरून ३,६०० हेक्टरवर कुरण उभं राहिलं. या यशाचा दाखला सगळीकडे देतात, पण तिथे मोठी नदी येऊन मिळत नाही, पाणी मुळातच बरं आहे, हे सांगायचं राहून जातं. तिथे बी नव्हतं, उजेड होता. जिथे उजेड नाही तिथे रोपं लावून काय होणार? जगभरच्या १,७८६ लागवडींचा आढावा घेतला गेला तेव्हा सरासरी ३७ टक्केच जगल्याचं आढळलं, आणि मूळ त्रास दूर न करता केलेल्या लागवडींनी त्यात भर घातली. लागवडीआधी वर्षभर उजेड मोजा, आणि तो अपुरा निघाला तर ते पैसे घळींवर खर्च करा, एवढंच मी म्हणेन.

पूर येऊन गेल्यावर एखादं कुरण मेलंय की झोपलंय हे वरून कळत नाही. पानं झडलेली असतात, तळ उघडा दिसतो, आणि नोंदवहीत ‘नष्ट’ असा शेरा पडतो. घाई करू नये. पाणी निवळल्यावर ओहोटीला जावं, बोटं चिखलात तीन-चार सेंटिमीटर घालून खोडाचा तुकडा वर काढावा आणि मोडून पाहावा. कचकन मोडला, आत पांढरा, कडक आणि रसाळ निघाला, तर शिदोरी शिल्लक आहे. तपकिरी, पोकळ, लिबलिबीत आणि वास मारणारा निघाला, तर ते टोक गेलं. अशा वीस-पंचवीस जागा तपासाव्यात, जिवंत निघालेल्यांना खुंटी मारून ठेवावी, तुकडे होते तिथे परत दाबावेत, आणि दोन महिने तिथे नांगर टाकू देऊ नये.